युनिटमध्ये वरचा माणूस छळत असेल तर काय करायचं? फौजेत नव्याने जाणाऱ्या पोरांसाठी (आणि त्यांच्या आईबाबांसाठी)

लष्करात तक्रार करता येत नाही, केली की नोकरी संपली, असं तुम्हाला बॅरेकमध्ये पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगणार. ते खरं नाहीये. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये त्यासाठी कलम २६ आहे, जवान, एनसीओ (नाईक, हवालदार), जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सगळ्यांसाठी, ऑफिसरांसाठी वेगळं कलम २७. अग्निवीरही याच ॲक्टखाली भरती होतो, म्हणजे त्यालाही हा हक्क आहे. फक्त तक्रारीची एक रीत आहे, पायरीने जायचं, एकट्याने जायचं आणि कागदावर जायचं, आणि ती रीत सोडली की ज्याच्यावर अन्याय झाला तोच आरोपी होऊन बसतो, हे मी सिग्नल्समधल्या (फौजेचं टेलिफोन-वायरलेसचं खातं) नोकरीत बऱ्याचदा बघितलंय आणि दर वेळी जीव तुटलाय.

मी सुभेदार म्हणून रिटायर होऊन इंदूरला घरी आलो, शेवटचं पोस्टिंग जवळच्या महू छावणीतच होतं. आमच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागातली मराठी पोरं फौजेत जातात, पहिल्या सुट्टीला आली की आईला सांगतात सगळं मस्त चाललंय, आणि मग मला बाजूला घेऊन विचारतात, काका, एक हवालदार आहे, फार त्रास देतो, काय करू. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी बघा, माणूस कडक आहे की वाईट

ट्रेनिंग सेंटरला उस्ताद, म्हणजे शिकवणारा, रगडा देणारच. फ्रंट रोल, पाठीवर पिठ्ठू लावून ग्राउंडला चकरा, बूट चमकला नाही म्हणून अख्ख्या स्क्वाडला पळवणं, हे सगळं घरून आलेल्या पोराला छळ वाटतं, आणि त्यातलं बरंचसं तसं नसतं. जबलपूरला आमचे एक उस्ताद होते, तोंडाने भयंकर, पण रूट मार्चवरून आल्यावर प्रत्येकाचे मोजे काढायला लावून तळपाय बघायचे, फोड आला असेल त्याला स्वतः एमआय रूमला (युनिटचा दवाखाना) पाठवायचे आणि मगच जेवायला जायचे. अशा माणसाबद्दल तक्रार करायची नसते, उलट पुढे आयुष्यभर त्याचं नाव काढाल.

मी पोरांना तीन गोष्टी बघायला सांगतो. जे करतो ते सगळ्यांशी सारखं करतो की एकालाच धरलंय? त्यातून काही शिकायला मिळतं, काही काम होतं, की फक्त त्याचा राग किंवा खिसा भागतो? आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, तो हे सीओ साहेबांसमोर (युनिटचे कमांडिंग ऑफिसर), दिवसाढवळ्या, सगळे रांगेत असताना फॉलिनमध्ये करेल का? जे फक्त रात्री, दारू पिऊन, बॅरेकच्या मागे किंवा स्टोअरचं दार लावून होतं, ते ट्रेनिंग नाही हे धरून चाला.

नव्या पोराला सीओ साहेब फार तर दरबारात, म्हणजे अख्ख्या युनिटच्या सभेत, दिसतात, त्याचा रोजचा संबंध सेक्शन कमांडर, सीएचएम (कंपनी हवालदार मेजर), स्टोअरवाला आणि क्लार्क यांच्याशी. त्यामुळे वाईट लीडरशिप म्हटलं की कर्नल-ब्रिगेडियर डोळ्यासमोर आणू नका, तुमच्या वाट्याला येणारा बहुतेक दोन फितीवाला नाहीतर तीन फितीवाला असणार. तो काय करतो, तर ड्यूटीच्या लिस्टमध्ये लागोपाठ तुमचीच रात्रीची गार्ड लावतो. सुट्टीचा अर्ज पुढे पाठवतच नाही आणि वर विचारलं तर म्हणतो त्याने दिलाच नाही. उसने म्हणून पैसे घेतो, कॅन्टीन कार्डवर स्वतःचा माल काढतो, एटीएमचा पिन मागतो. जातीवरून, गावावरून, हिंदी बोलण्याच्या ढबीवरून रोज सगळ्यांसमोर उतरवतो, आईबहिणीवरून बोलतो. आणि मारतो. मारण्याबद्दल कोणाच्याही मनात शंका नको, आर्मी ॲक्टचं कलम ४७ आहे, हाताखालच्या माणसावर हात टाकला किंवा त्याचा छळ केला तर ऑफिसर असो, जेसीओ असो की एनसीओ, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वरच्या पातळीवरचा वाईट माणूस वेगळा दिसतो, तो शिवी देत नाही, गोडही बोलत असेल. माझ्या एका जुन्या युनिटमध्ये असे एक कंपनी कमांडर होते, त्यांना वाईट बातमी ऐकायचीच नसे. कोणी सांगितलं की अमुक टेलिफोन लाइन डेड आहे तर आधी त्याचीच खरडपट्टी, त्याचीच सुट्टी बंद. मग हळूहळू काय झालं, रात्री टेस्टिंगला लाइन लागो न लागो, लॉगबुकात ऑपरेटर ‘थ्रू’, म्हणजे लाइन लागली, असं लिहून मोकळा व्हायचा. एक्सरसाइजच्या पहिल्या रात्री हेडक्वार्टरकडून एका कंपनीशी बोलायचं होतं, कागदावर थ्रू आणि हातात मुकी घंटी, पोरं पहाटेपर्यंत अंधारात केबल चाचपत फिरली. एक्सरसाइज होती म्हणून निभावलं. अमेरिकन आर्मीने २०१२ मध्ये आपल्या लीडरशिपच्या मॅन्युअलमध्ये अशा माणसाची व्याख्याच घातली, स्वतःपुरता बघणारा आणि त्यामुळे हाताखालच्यांचं, संस्थेचं आणि कामगिरीचं नुकसान करणारा. त्यातला कामगिरीवाला भाग आपल्याकडे लोक विसरतात, त्यांना वाटतं पोरं नाजूक झालीत. नाजूकपणाचा प्रश्नच नाही, खोटं ‘थ्रू’ लिहायला शिकलेलं युनिट लढाईत काय करणार?

मग लिहायला सुरुवात करा

तुमची शंका पक्की झाली की पहिलं काम वही. साधी शाळेची वही, पेटीत कपड्यांखाली. मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग नाही, व्हिडिओ नाही, फोटो नाही, युनिटच्या आत त्याचाच वेगळा गुन्हा लागेल आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. वहीत काय लिहायचं, तर तारीख, वेळ, जागा, जे बोलला ते शब्द जसेच्या तसे, समोर कोण कोण होतं, नंतर तुम्ही कोणाला सांगितलं. उदाहरणार्थ असं: ‘१४ तारीख, रात्री सव्वादहा, बॅरेक, रोल कॉलनंतर. हवालदार अमुक म्हणाले, दोन हजार दे नाहीतर सुट्टी विसर. अमुक आणि अमुक आपापल्या चारपाईवर होते. मी दिले नाहीत. सकाळी सेक्शन कमांडरना सांगितलं.’ बस एवढंच. त्यात ‘तो राक्षस आहे’, ‘माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं’ असलं लिहू नका, तुमच्या मनात ते असणारच पण चौकशी करणाऱ्या ऑफिसरला त्याचा उपयोग नाही, त्याला तारीख लागते.

पैसे दिलेच असतील तर यूपीआयची एन्ट्री, बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा, रोख कधीच देऊ नका. मार लागला असेल तर त्याच दिवशी सिक रिपोर्ट करा, म्हणजे आजारी म्हणून एमआय रूमला जा, आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. पोरं इथेच अडकतात, घाबरून सांगतात बाथरूममध्ये पडलो, आणि मेडिकल कागदावर तेच उतरतं, मग महिन्याने तुम्ही काहीही म्हणा, कागद म्हणतो बाथरूम.

सहीच्या बाबतीत एक वेगळं सांगतो कारण नव्या पोरांना इथे सगळ्यात जास्त फसवतात. स्टोअरचा चार्ज घेताना समोरचा म्हणतो, अरे सगळं बरोबर आहे, मार सही. केबलचे ड्रम, सेट, बॅटऱ्या, एकेक मोजल्याशिवाय सही करायची नाही. भांडायचं नाही, फक्त म्हणायचं, साहेब, मोजून घेतो आणि लगेच सही करतो. तो ओरडेल. ओरडू दे. कमी निघालेला माल नंतर तुमच्या पगारातून जातो आणि चोरीचा ठपका वेगळा.

हुकमाचं काय

तिथल्या तिथे ‘नाही करणार’ म्हणू नका. हुकूम कायदेशीर असेल आणि मोडला तर कलम ४१ लागतं, ते जड आहे. काम अन्यायाचं वाटलं तरी करा आणि मग तक्रार करा, ड्यूटी जास्त लावली तर ड्यूटी करा आणि वहीत लिहा. फक्त उघड बेकायदा गोष्ट, खोटी सही, चोरी, दुसऱ्या पोराला मारायला लावणं, ही करायची नाही, ‘हुकूम होता’ म्हणून तुम्ही सुटत नाही. साहेबांच्या घरी भाजी आणणं, कुत्रा फिरवणं यावर बराच वाद झालाय, सहायकाने (ऑफिसरच्या मदतीला दिलेला जवान) युनिफॉर्म, हत्यार, फील्डमधलं सामान बघायचं असतं, घरकाम हे त्याचं काम नाही. पण हाही विषय दारात उभं राहून भांडण्याचा नव्हे, इंटरव्ह्यूत, म्हणजे साहेबांची वेळ मागून घेतलेल्या भेटीत, सांगण्याचा.

उलट हात उचलायचा नाही, कितीही राग आला तरी. वरच्यावर हात उचलला की तुमची वही, साक्षीदार, मेडिकल सगळं मातीमोल.

पायऱ्या

आता खरी गोष्ट. पहिल्यांदा तोंडी, तुमच्या प्लाटूनच्या जेसीओ साहेबांना. नीट वेळ बघून, एकटं भेटून, दोन मिनिटांत. मी स्वतः ज्या खुर्चीत बसलो तिथून सांगतो, निम्म्या गोष्टी इथेच मिटतात, कारण चांगल्या सुभेदाराला आपल्या लाइनमध्ये असलं काही चाललेलं नको असतं आणि त्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. जेसीओ साहेबच त्या माणसाचे मित्र असतील तर सीनियर जेसीओ, मग सुभेदार मेजर. एसएम साहेब हा तुमचा मोठा आधार, त्यांचं सीओ साहेबांकडे थेट जाणं असतं.

त्याने झालं नाही तर कंपनी कमांडरची इंटरव्ह्यू मागायची, मग सीओंची. लेखी मागा, अर्ज कंपनी ऑफिसमध्ये द्या, आणि ज्या दिवशी दिला, कोणाच्या हातात दिला ते वहीत लिहा, आठवडा गेला तर परत द्या. सैनिक संमेलनात, दरबारात शेवटी विचारतात कोणाचा काही पॉइंट आहे का, तेव्हा उभं राहून कोणाचं नाव घेऊ नका. पाण्याचा त्रास, लंगरचं जेवण, सुट्टीचा रोस्टर बोर्डावर लावावा, असले सगळ्यांचे पॉइंट तिथे जरूर मांडा, आणि रोस्टर बोर्डावर लागला की सीएचएमची निम्मी दादागिरी आपोआप जाते. पण स्वतःचं दुखणं इंटरव्ह्यूत.

मग लेखी तक्रार. कलम २६ साधं आहे: तुम्ही कंपनीत असाल तर तक्रार कंपनी कमांडरकडे, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच तो ऑफिसर असेल तर त्याच्या वरच्याकडे. आणि ज्याच्याकडे तक्रार आली त्याने शक्य तेवढी पूर्ण चौकशी करायची, जरूर पडली तर वर पाठवायची, असं कायदा म्हणतो, म्हणजे ही त्याची मेहरबानी नव्हे. अर्जात एक पान पुरे, घटना तारखेवार, साक्षीदार, आणि शेवटी तुम्हाला काय हवंय ते स्पष्ट: चौकशी, दुसऱ्या सेक्शनमध्ये बदली, पैसे परत. बरेच जण चार पानं दुःख लिहितात आणि काय पाहिजे तेच लिहीत नाहीत.

दोन गोष्टींनी मात्र जपा. सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र देऊ नका, दहा जणांना त्रास असेल तर दहा जणांनी आपापला वेगळा अर्ज द्यायचा, सामूहिक अर्ज फौजेत चालत नाही आणि त्याला बंडाचा रंग देणं फार सोपं जातं. आणि जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा, ऐकीव नको, कारण तक्रारीत जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा महत्त्वाची गोष्ट लपवली तर कलम ५६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निनावी चिठ्ठ्या पण नको, अक्षरावरून शोधाशोध सुरू होते आणि चौकशी तुमचीच होते.

२०१७ च्या जानेवारीत बीएसएफच्या एका जवानाने जेवणाचा व्हिडिओ टाकला होता, देशभर फिरला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ केलं. त्याच सुमारास तेव्हाचे आर्मी चीफ जनरल बिपिन रावत यांनी जवानांनी सोशल मीडियावर न जाता तक्रारपेटीत तक्रार टाकावी असं सांगितलं. डाळ पातळ होती की नाही हा वेगळा विषय, पण व्हिडिओची वाट नव्या पोराला परवडणारी नाही, हे मी हात जोडून सांगतो.

सगळं करून उत्तर आलं नाही किंवा चुकीचं आलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, एएफटी म्हणतात. २००७ चा कायदा, २००९ पासून काम सुरू, आपल्या मध्य प्रदेशात जबलपूरला बेंच आहे, पण केस साधारण जिथे पोस्टिंग आहे तिथल्या बेंचकडे जाते. आधी आतली तक्रार केलेली असावी लागते, तक्रारीवर सहा महिने काहीच ऑर्डर आली नाही तरी जाता येतं, आणि शेवटची ऑर्डर आल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं. एक मात्र कोणी सांगत नाही, पोस्टिंग-बदली आणि सुट्टी हे विषय एएफटीच्या कक्षेतच नाहीत, कायद्यातच तसं लिहिलंय, तेव्हा सुट्टीची लढाई युनिटच्या आतच जिंकावी लागते, म्हणूनच ती वही.

उलट तुमच्यावरच चार्ज लावला तर

हे होऊ शकतं, आधीच मनाची तयारी ठेवा. टोपी-बेल्ट काढून ओआरला (ऑर्डरली रूम, जिथे सीओ चार्ज ऐकतात) मार्च करून नेतात, हात थरथरतात, समोर सीओ, आणि पोरगं घाबरून ‘गलती हुई साहब’ म्हणून मोकळं होतं. न केलेलं कबूल करू नका. आर्मी रूल २२ प्रमाणे चार्ज तुमच्यासमोर ऐकला जातो, तुमच्याविरुद्धच्या साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात, आपला साक्षीदार बोलावता येतो. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (फौजेची आतली चौकशी) तुमच्या चारित्र्यावर येणार असेल तर रूल १८० प्रमाणे पूर्ण वेळ तिथे हजर राहायचा हक्क आहे. आणि चार रेड इंक एन्ट्री (रेकॉर्डवर लाल शाईने नोंदलेल्या शिक्षा) झाल्या की आपोआप घरी, ही धमकी बॅरेकमध्ये फार चालते, पण सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलंय की निव्वळ चार एन्ट्रीवर काढता येत नाही, आधी चौकशी हवी, नोकरी किती झाली, कुठल्या कठीण जागी झाली तेही बघायला हवं. शिक्षा द्यायचा अधिकार कलम ८० ने कमांडिंग ऑफिसरला दिलाय, हवालदाराने रात्री ठोठावलेला पाचशे रुपये दंड ही शिक्षा नव्हे, वसुली आहे.

अग्निवीर पोरांची भीती मला कळते, चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच ठेवणार, मग कोण तक्रार करून नाव खराब करून घेईल. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण शांतपणे, पायरीने, तारखेसकट बोलणारं पोरगं चांगल्या ऑफिसरच्या लक्षात राहतं, आणि तुमच्या पीटी, फायरिंग, ट्रेडच्या परीक्षा जितक्या चांगल्या तितका तुमच्या शब्दाला भाव, म्हणून त्रास चालू असताना काम ढिलं सोडू नका. मुलींना वेगळं सांगतो, लैंगिक त्रास असेल तर २०१३ चा कायदा आहे, घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यायची, सेक्शन कमांडरच्या परवानगीची वाट बघायची नाही.

मन खचलं असेल तर

इथे घाई करा, बाकी सगळं नंतर. झोप लागत नाही, जेवण जात नाही, गार्डवर उभं असताना डोक्यात नको ते विचार येतात, स्वतःबद्दल किंवा त्या माणसाबद्दल, तर त्याच वेळी गार्ड कमांडरला सांगा की तब्येत बरी नाही, हत्यार जमा करतो. त्यात काही लाज नाही. मग आरएमओ (युनिटचे डॉक्टर), नाहीतर युनिटचे पंडितजी, धर्मगुरू, यांना फौजेत अशा बोलण्यासाठीच ठेवलेलं असतं, नाहीतर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, कधीही, मराठीतही बोलता येतं, आणि फौजेसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याला एएफएमसीत (फौजेचं मेडिकल कॉलेज) २०२३ पासून आहे. शेजारच्या चारपाईवरचा मित्र अचानक गप्प झाला, आपलं सामान वाटायला लागला, तर त्याच्याबरोबर तुम्ही चालत एमआय रूमला जा, एकट्याला पाठवू नका.

घरच्यांसाठी

मुलाने फोनवर सांगितलं की लगेच आमदारांकडे धाव घेऊ नका. बाहेरून दबाव आणणं फौजेत नियमाविरुद्ध आहे आणि तो कागद फिरून मुलाच्याच फाइलला लागतो. आई किंवा वडील म्हणून तुम्ही सीओ साहेबांना साधं पत्र लिहू शकता, रजिस्टर्ड पोस्टाने, त्यात आरोप नको, मुलाची काळजी वाटते, कृपया लक्ष घालावं, इतकंच. इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा, तिथे बसलेली माणसं आमच्यासारखीच फौजेतली, ती योग्य पत्ता आणि मायना सांगतात.

आणि सुट्टी संपली, बॅग भरली, पण मुलगा म्हणतो मी जाणार नाही, तर त्याला रागावून स्टेशनवर सोडू नका आणि घरात लपवूनही ठेवू नका. तीस दिवस विनापरवानगी गैरहजर राहिला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि रेकॉर्डवर डेझर्टर (फौजेतून पळालेला) म्हणून नोंद होऊ शकते. आजारी असेल, मन ठीक नसेल तर सुट्टी संपायच्या आत त्याला महूच्या मिलिटरी हॉस्पिटलला घेऊन जा, नाहीतर तिथल्या स्टेशन हेडक्वार्टरला हजर करा, आयकार्ड आणि लीव्ह सर्टिफिकेट बरोबर, आणि तिथूनच युनिटला फोन लावून कळवा. त्या वहीची झेरॉक्स त्याला परत जाण्याआधी घरी ठेवून घ्या.